कच्चं सोनं

थोरल्याला त्या दगडातून चार गोष्टी मिळवायच्या होत्या. एक, घरावर नवं छप्पर. दुसरी, बायकोच्या गळ्यात काहीतरी इतकं जड, की ती मान खाली घालून बोलेल. तिसरी, गावातले जे त्याला 'अरे' म्हणतात त्यांच्या तोंडून 'अहो'. आणि चौथी म्हणजे धाकट्याचं पडलेलं तोंड. पहिल्या तिन्ही गोष्टी एका पारड्यात टाका आणि धाकट्याचं तोंड दुसऱ्यात. काटा तोंडाकडे झुकला असता. मी गिरणीवाला माणूस आहे, पारड्याचं मला कळतं.

दोघे सख्खे भाऊ. बाप गेल्यावर वाटणी झाली ती इतकी चोख, की ती चोख आहे हे कळायलाच गावाला वर्ष गेलं. बैलजोडीतला एक बैल थोरल्याला, एक धाकट्याला. गाडीचं एक चाक थोरल्याच्या गोठ्यात टेकवलेलं, दुसरं धाकट्याच्या. गाडीचा सांगाडा मधल्या अंगणात, कुणाचाच नाही, त्यावर कोंबड्या बसायच्या. नांगरायचं झालं की दोघांना आपापला बैल घेऊन एका शेतात यावं लागायचं, आणि वाटणीच्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मग काम व्हायचं कसं? तर थोरल्याच्या बैलामार्फत.

बैलाचं नाव मुक्या. वासरू असल्यापासून कधी हंबरला नाही म्हणून मुक्या. दोघा भावांमधले सगळे निरोप हाच बैल पोचवायचा.

"मुक्या, सांग त्याला, नांगराचं तास वाकडं चाललंय."

"मुक्या, सांग, डोळे वाकडे असले की सरळ तासही वाकडं दिसतं."

धाकट्याच्या बैलाचं नाव ढुश्या. सुरुवातीला एकदा त्यालाही निरोप देऊन बघितला होता. त्याने निरोपासकट ढुशी दिली. तेव्हापासून हे खातं मुक्याकडेच राहिलं.

वाटणीत एकच वस्तू शिल्लक राहिली होती. दोघांच्या शेतांच्या मधोमध खडकाचा एक लांबोडका पट्टा होता. वर माती बोटभर, खाली दगड, दगडांच्या फटीत काटेरी झुडपं. नांगर लावला तर फाळ मोडायचा. बाप म्हणून गेला होता, ज्याचा पट्टा त्याने त्याच्या कडेची दगडी भिंत राखायची. झालं. थोरला म्हणाला, पट्टा धाकट्याचा. धाकटा म्हणाला, मोठ्याचा मान मोठा, पट्टा थोरल्याचा. इतकं औदार्य त्या घराण्यात त्याआधी आणि त्यानंतर कुणी बघितलं नाही. गावाने पट्ट्याचं नाव ठेवलं 'नकोसा'. भिंत दरवर्षी थोडी थोडी बसत गेली, आणि शेवटी बकरी चालत आत येईल इतकी नम्र झाली.

या नम्रतेची किंमत द्यायची आक्का. आक्का या दोघांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर बापाने नकोशाच्या खालच्या अंगाचा भाजीचा मळा तिला दिला होता. माती काळी, लोण्यासारखी, हातात घेतली तर बोटांना सोडायची नाही. आक्का कोबी लावायची. कोबी गोळा धरायला लागला, की मोडक्या भिंतीवरून सोनारीणबाईंच्या बकऱ्या यायच्या आणि मधला गाभा तेवढा खाऊन जायच्या. बाहेरची पानं आक्काला ठेवायच्या. बकऱ्यांनाही वाटणी चोख कळायची.

"भिंत बांधा रे," आक्का दर हंगामाला सांगायची.

"आक्का, ज्याचा पट्टा त्याने बांधावी," थोरला म्हणायचा.

"तेच तर," धाकटा म्हणायचा.

या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

त्या साली आक्काच्या गळ्याशी पाणी आलं होतं. आदल्या दोन हंगामांचा कोबी बकऱ्यांच्या पोटात गेलेला. हाही गेला, तर मळा सोडून भावाच्या दारात राहायला जायची वेळ होती. कोणत्या भावाच्या, यावरून ते दोघे पुन्हा उदार झाले असते. आक्का एकदा गिरणीत दळण टाकताना म्हणाली, "दादा, माझाही नकोसा व्हायचा बाकी आहे." हसून म्हणाली, पण पीठ भरताना तिने डबा दोनदा हुकवला.

तर असं असताना एक दिवस अवेळीच पावसाची सर आली. आली तशी गेली. धूळ बसली, दगड धुऊन निघाले, आणि उन्हं पुन्हा चटके द्यायला लागली. थोरला नकोशावरून आपल्या शेतात घुसलेली बकरी हाकलत होता. पाय घसरला, एक धोंडा उलथला, दुसऱ्यावर आपटून फुटला. फुटलेल्या पोटात पिवळंजर्द चमकलं.

थोरला दगडाकडे बघत राहिला. मग त्याने समोरून धाकट्याला येताना बघितलं आणि तो दगडावर बसला.

मुक्या तिथेच चरत होता.

"मुक्या," धाकटा म्हणाला, "विचार त्याला, अंडी उबवतोय का."

"मुक्या, सांग, माणूस दमला की बसतो."

"मुक्या, विचार, कोणतं काम करून दमला."

थोरल्याने उत्तर दिलं नाही. एरवी तो उत्तर दिल्याशिवाय राहणारा नव्हे. धाकट्याच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच थोरला कुऱ्हाड घेऊन नकोशावर हजर. झुडपं तोडतोय, मुळं उपसतोय, घाम पुसतोय. दुपारी धाकटा माझ्या गिरणीत आला. दळण नव्हतं, नुसताच आला.

"गिरणीवाले, थोरल्याला ताप-बिप आहे का?"

"का रे?"

"नकोसा साफ करतोय. स्वतःच्या हाताने. कुणी मागे लागलेलं नसताना."

"चांगलं आहे की."

"तेच म्हणतो," धाकटा म्हणाला. "त्याच्या हातून चांगलं काम होतंय म्हणजे यात काहीतरी वाईट असलं पाहिजे."

माणसाची पारख म्हणतात ती हीच. संध्याकाळी थोरला जेवायला गेल्यावर धाकटा नकोशावर जाऊन धोंडे उलथत बसला, आणि त्यालाही एक तुकडा सापडला. पिवळा, चमकणारा, एका अंगाने निळसर जांभळा. दुसऱ्या सकाळी नकोशाच्या वरच्या टोकाला थोरल्याची कुऱ्हाड, खालच्या टोकाला धाकट्याची.

ज्याचा पट्टा त्याची भिंत, हे बापाचं बोलणं दोघांनाही आता एकदम आठवलं. फक्त उलट्या बाजूने. भिंत ज्याची, पट्टा त्याचा. मग भिंतीला हात घातला.

आता सापडलेला दगड ठेवायचा कुठे? घरात ठेवला तर बायको बघणार, बायकोने बघितला तर गाव बघणार. सोनाराला दाखवायचा प्रश्नच नव्हता. सोनाराला सोनं दाखवणं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवणं. राहिलं कोण? आक्का. थोरला पुढच्या दाराने आला.

"आक्का, एक वस्तू ठेवायची आहे. कुणाला सांगू नकोस. धाकट्याला तर नाहीच."

"बरं बाबा."

तो गेला, आणि तिचं चुलीवरचं उतू जायच्या आत मागच्या दाराने धाकटा.

"आक्का, हे जपून ठेव. थोरल्याच्या कानावर जाता कामा नये."

"बरं बाबा."

आक्काने दोन्ही पुरचुंड्या एकाच घेवड्याच्या डब्यात टाकल्या. वाटणीनंतर पहिल्यांदा या दोन भावांचं काही एका घरात राहिलं.

मग तिने विचार केला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पदराखाली डबा घेऊन ती सोनाराच्या दुकानात आली. दुकान माझ्या गिरणीसमोरच आहे. गिरणीची वीज गेलेली, म्हणून मी त्याच्याच ओट्यावर बसलो होतो.

सोनार माणूस हुशार, पण बायकोपुढे गरीब. त्या बकऱ्या सोनारीणबाईंच्या. त्यांना एक बकरी कमी दूध द्यायला लागली की सोनाराचा चहा कोरा व्हायचा. त्यामुळे बकऱ्यांच्या चरण्याकडे त्याचं दागिन्यांइतकंच लक्ष.

"सोनारदादा," आक्का म्हणाली, "हे काय आहे ते सांगा. आणि सांगून झालं की विसरा."

सोनाराने दगड उन्हात धरला, फिरवला, नाकाशी नेला. मग त्याने भुवया खाली आणल्या. इतक्यातच मला कळलं की सोनं नाही. सोन्यापुढे त्याच्या भुवया वर जातात.

"हे निळं-जांभळं बघितलंत? कबुतराच्या मानेसारखं?" तो म्हणाला. "सोनं असा रंग बदलत नाही. चिखलात पुरा नाहीतर नाकात घाला, ते आपलं पिवळंच. हे हवेत राहून राहून निळं पडलंय. आता बघा."

त्याने कसोटीचा काळा दगड पुढे ओढला. आधी स्वतःची अंगठी त्यावर घासली. पिवळी रेघ उठली, लख्ख. शेजारी थोरल्याचा दगड घासला. दगड पिवळा, पण रेघ हिरवट काळी, जशी काही काजळीत शेवाळ कालवलंय. धाकट्याचा दगड घासला. तीच रेघ.

"दोघेही सारखेच," आक्का म्हणाली. दगडांबद्दल म्हणाली की भावांबद्दल, ते मी विचारलं नाही.

सोनाराने एक कपची ऐरणीवर ठेवून हातोडीने ठोकली. "सोनं असतं तर पापडासारखं पसरलं असतं." ते पसरलं नाही, फुटलं. भुगा झाला. मग त्याने सुरीचं टोक दगडावर ओढलं. ओरखडा उमटला.

"सोन्यासारखा दिसणारा आणखी एक दगड असतो, लोखंडाचा," तो म्हणाला. "तो सुरीला दाद देत नाही, उलट सुरीचीच धार घेतो. हा मऊ निघाला, म्हणजे तो नाही."

मग त्याने भुग्यातली चिमूट पत्र्यावर घेऊन खाली ज्योत धरली आणि फुंकणीने फुंकलं. दुकानात जळक्या गंधकाचा असा भपकारा उठला, की मी ओट्यावरून रस्त्यावर आलो. आतून सोनारीणबाईंचा आवाज आला, "अहो, काय मेलंय तिकडे?"

"काही नाही, काम चाललंय," सोनार म्हणाला. शेवटी त्याने काचेच्या वाटीत तेजाबाचे थेंब घेतले, त्यात तो भुगा टाकला आणि वाटी खिडकीत ठेवली. आक्का थांबली. ती कोबी गोळा धरायची वाट बघणारी बाई, वाट बघायचं तिला कुणी शिकवायला नको. भुगा विरघळून पाणी निळं-हिरवं झालं. त्यात साधं पाणी घालून सोनाराने ते मवाळ केलं, एक लोखंडी खिळा घासून स्वच्छ केला आणि आत सोडला. जरा वेळाने चिमट्याने बाहेर काढला. खिळा तांबडा झाला होता. घासलेल्या भांड्यासारखा तांबडा.

"तांब्याचा दगड," सोनार म्हणाला. "वैद्य लोक याला सुवर्णमाक्षिक म्हणतात. नावात सोनं, पोटात तांबं, वर गंधक आणि लोखंड."

"मग तांबं तर आहे ना?" मी नाक धरून विचारलं.

"आहे. पण गारगोटीत बोटभर रेघ आहे ही, खाण नव्हे. तांबं काढायला जाळ किती लागेल ठाऊक आहे? एका तांब्यासाठी अख्खं रान चुलीत जाईल, आणि तांब्याला बूड लागेलच असं नाही." त्याने हात झटकले. "उद्या सकाळीच दोघांना सांगून टाकतो. बिचारे भिंत बांधून मरतायत."

"सोनारदादा," आक्का शांतपणे म्हणाली, "भिंत पुरी होऊ द्या. मग सांगा."

सोनार हसायला लागला, आणि अर्ध्यात थांबला. भिंत पुरी होणार म्हणजे काय होणार, हे त्याच्या ध्यानात तेव्हा आलं. त्याने मागच्या दाराकडे बघितलं. मागच्या दारापाशी एक बकरी रवंथ करत उभी होती.

"आक्का, पण खोटं कसं..."

"खोटं कोण बोला म्हणतंय? गप्प राहा म्हणतेय. गिरणीवाले, तुम्हीसुद्धा."

मी शब्द दिला. सोनाराने मान हलवली. मान हलवणं आणि शब्द देणं यात किती फरक असतो, ते पुढे कळलं. आक्काने तो तांबडा खिळा पदराच्या गाठीला बांधला, डबा काखेत घेतला आणि गेली.

इकडे नकोशावर वेगळीच अडचण उभी राहिली. मोठे दगड ओढ्यातून आणायचे, तर गाडी हवी. गाडीला दोन चाकं हवीत आणि दोन बैल. दोन्ही गोष्टी प्रत्येकाकडे एकेक. एक पूर्ण दिवस दोघे उन्हात एकमेकांकडे पाठ करून बसले. मग थोरला मुक्यापाशी आला.

"मुक्या, सांग त्याला, चाक दे. एक खेप माझ्या टोकाला, एक त्याच्या."

"मुक्या, सांग, पहिली खेप माझी."

"मुक्या, सांग, थोरला मी."

"मुक्या, सांग, मग थोरल्याने मोठं मन करावं, वाटणीत केलं होतं तसं."

शेवटी पहिली खेप अर्धी अर्धी ठरली. कोंबड्या हाकलल्या, चाकं चढवली, वंगण घातलं. ज्या गाडीचं तोंड गावाने विसरून जायची वेळ आली होती, ती रस्त्यावरून कुरकुरत निघाली. एका बाजूला मुक्या, दुसऱ्या बाजूला ढुश्या, आणि मागे एकमेकांवर मात करायला एकमेकांना दगड चढवू लागणारे दोघे भाऊ. मोठा धोंडा एकट्याला उचलत नाही. "मुक्या, सांग, तिकडून धर." "मुक्या, सांग, बोट सांभाळ." हे बोट सांभाळायचं मुक्याने जरा उशिरा सांगितलं, आणि धाकट्याच्या अंगठ्याचं नख गेलं.

माती तापलेली, वारा तोंडावर फुफाटा मारणारा, दगडाला हात लावला की तवा. पण भिंत दोन्ही टोकांनी वाढत होती. आणि जशी भिंत वाढत होती, तसा सोनार सुकत होता. सोनारीणबाईंनी एकदा जाऊन भिंत बघितली होती आणि घरी येऊन विचारलं होतं, "ही पुरी झाली की माझ्या बकऱ्या काय तुमची कसोटी चाटणार?" त्यानंतर चहा कोराच येऊ लागला.

माणूस खरं बोलायला कधी निघतो, याचा माझा अनुभव असा आहे, की गप्प राहणं परवडेनासं झालं की. सोनार एक दिवस नकोशावर गेला. मी माझ्या गिरणीतून बघितलं आणि कणीक सोडून मागोमाग गेलो.

"थोरल्या," सोनार म्हणाला, "उगाच कशाला राबतोस? तो दगड सोनं नाही. तांब्याचा आहे. फुकट हाडं झिजवू नकोस."

थोरल्याने हातातला धोंडा खाली ठेवला.

"कोणता दगड?"

"तो रे. पिवळा. आक्काकडचा."

"तुला कुणी दाखवला?"

"ते सोड. सोनं नाही ते, ऐक माझं."

"आणि मी काम सोडलं, तर तू काय करशील?"

"मी? मी कशाला काय करीन?" सोनार म्हणाला, आणि त्याची नजर भिंतीवरून पलीकडे कोबीकडे गेली. कोबी तेव्हा छान गोल होत आला होता.

थोरला सोनार दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. त्याचं तोंड फुललं होतं.

"गिरणीवाले, ऐकलंत ना? सोनार म्हणतो सोनं नाही."

"ऐकलं."

"सोनार उन्हातून चालत येऊन, न विचारता, फुकट सांगतो की सोनं नाही. आता सांगा, किती शेर असेल?"

मी शब्द दिलेला. मी काय सांगणार? म्हटलं, "तोलल्याशिवाय कसं कळायचं."

वरच्या टोकाला झालेलं बोलणं खालच्या टोकाला गेलं. मुक्यामार्फत नाही, वाऱ्यामार्फत. धाकट्याने तोच हिशेब केला. संध्याकाळपर्यंत दोघांनी आपापल्या अंगाची भिंत हातभर उंच केली. आधी ती बकरी अडवणारी होती, आता घोडा अडवणारी झाली.

पण थोरल्याच्या मनात एक बारीकशी शंका राहिलीच. सोनार खरं बोलला असेल तर? असं होत नाही, पण झालं असेल तर? त्याने कुठेतरी ऐकलं होतं, की खरं सोनं दाताखाली दबतं. आणखी एक तुकडा शोधून त्याने दाढेखाली घेतला आणि बापाचं नाव घेऊन चावला.

आवाज आला. थोरल्याला वाटलं दगड दबला. मग तो थुंकला. हातात दगड जसाच्या तसा, आणि शेजारी अर्धी दाढ.

त्याची बायको ओली पट्टी घेऊन धावली. "सोनं मऊ असतं म्हणत होतात ना तुम्ही?"

"कच्चं आहे ते," थोरला सुजल्या गालातून म्हणाला.

"काय?"

"कच्चं आहे अजून. जमिनीतून लवकर काढलं. राहू दिलं तर पिकेल." आणि गाल धरून पुन्हा भिंतीवर गेला.

हे 'कच्चं सोनं' गावात इतकं पसरलं, की माझ्या गिरणीत येणारा जो तो विचारायचा, पिकायला किती दिवस लागतात, आणि पेंढ्यात घातलं तर चालेल का.

भिंत दोन टोकांकडून येत येत मधे भेटायला आली. शेवटची फट राहिली एका माणसाच्या रुंदीची. आणि त्या फटीत दोन माणसं उभी राहिली.

"मुक्या, सांग त्याला, हा शेवटचा दगड माझा."

"मुक्या, सांग, बाजूला हो."

मुक्या पलीकडे बांधावर झोपला होता. निरोप कुणी पोचवेना. मग थोरल्याने, वाटणीनंतर प्रथमच, धाकट्याच्या डोळ्यांत बघून सरळ तोंड उघडलं.

"पट्टा माझा आहे."

"तुझा? तूच तर तुझा तुझा म्हणून माझ्या गळ्यात मारत होतास."

"आणि तू मोठ्याचा मान म्हणून माझ्या."

"तो मान आता परत घेतला."

आवाज ऐकून गाव जमलं. सोनार आला, सोनारीणबाई आल्या, बकऱ्याही आल्या आणि फटीकडे आशेने बघत उभ्या राहिल्या. आक्का मळ्यातून वर आली. हाताला माती, पदराला गाठ.

"भांडू नका रे," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर एकदाच सांगा. पट्टा कुणाचा?"

"माझा," दोघे एकदम.

"बापाचं बोलणं आठवतंय ना? ज्याचा पट्टा त्याने भिंत राखायची. पडली तर उभी करायची. कायमची."

"राखीन की," थोरला म्हणाला. "मीच राखणार."

"तो काय राखतोय, मी राखीन," धाकटा म्हणाला. "दगड हलू देणार नाही."

"गिरणीवाले, ऐकलंत?"

"ऐकलं," मी म्हटलं. सगळ्या गावाने ऐकलं.

"मग माझं ऐका. मी दोघांहून मोठी. इथून वर थोरल्याचा, इथून खाली धाकट्याचा. भिंतही तशीच. मान्य?"

अर्धं सोनं मिळतंय, आणि दुसऱ्याला पूर्ण मिळत नाही. दोघांनाही दुसरी गोष्ट जास्त गोड लागली. दोघांनी माना हलवल्या. आक्काला माना पुरेनात. तिने दोघांच्या तोंडून 'मान्य' वदवून घेतलं, शेवटचा धोंडा दोघांना दोन बाजूंनी धरायला लावला आणि फटीत बसवून घेतला. पलीकडे एक बकरी केविलवाणी ओरडली.

मग आक्काने पदराची गाठ सोडून तांबडा खिळा काढला.

"सोनारदादा," ती म्हणाली, "आता सांगा."

सोनाराने सांगितलं. कसोटीवरची हिरवट काळी रेघ, हातोडीखालचा भुगा, सुरीचा ओरखडा, गंधकाचा भपकारा, सगळं. खिळा हातोहात फिरला. थोरल्याने तो उलटासुलटा केला, चावायला तोंडाशी नेला आणि गाल आठवून खाली घेतला.

"म्हणजे तू तेव्हा खरंच बोलत होतास?" त्याने सोनाराला विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, धक्का होता.

"मग काय."

"सोनारासारखा सोनार, आणि खरं बोलतो. माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर?"

मग धाकटा बांधाकडे वळला.

"मुक्या," तो म्हणाला, "सांग त्याला, मोठ्याचा मान मोठा. पट्टा पूर्ण त्यालाच घेऊ दे."

"मुक्या, सांग, धाकट्याचं मन मला मोडवत नाही. त्यालाच घेऊ दे."

मुक्याने कूस बदलली. गाव इतकं हसलं, की ढुश्या दावं तोडून पळाला. शब्द गेला होता आणि त्याला साक्षीला सगळं गाव होतं.

आता ताळा घेऊ. आक्काला भिंत मिळाली, घोडा अडवणारी, आणि त्या हंगामाचा सगळा कोबी, गाभ्यासकट. गाडीला चाकं मिळाली. ती पुन्हा काढून वाटून घ्यायचा दोघांनाही कंटाळा आला. थोरल्याने अर्धी दाढ दिली, धाकट्याने नख दिलं, आणि दोघांनीही आयुष्यभराची भिंत. ती जरा ढासळली की तुझ्या बाजूची, तुझ्या बाजूची, असं ते आता समोरासमोर भांडतात. मुक्याला त्यातून सुट्टी मिळाली. सगळ्या नकोशातून तांबं निघालं ते एका खिळ्यावरच्या सालीएवढं. तो खिळा आक्काने मळ्याच्या फाटकाला ठोकलाय.

आणि सोनार. या सगळ्या प्रकरणात ज्याने दगड बघून तो काय आहे ते नीट ओळखलं, आणि ज्याने आपण होऊन, उन्हातून चालत जाऊन खरं सांगितलं, तो हाच एक. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो हातात दोऱ्या धरून बकऱ्यांना रस्त्याकडेचं गवत चारायला नेतो. बाहेरची पानं आक्का त्याला देते, ती काखेत असतात. भिंतीपाशी आलं की बकऱ्या थांबतात, कोबीच्या दिशेने माना वळवतात, मग त्याच्याकडे बघतात. तो म्हणतो, "चला गं बायांनो, माझ्याकडे काय बघता. मी सांगितलं होतं."